अण्णाभाऊंची उपेक्षित लावणी
(धुळे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



शाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव निघाले की ‘माझी मैना’ ही छक्कड आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिने केलेले कार्य निर्विवाद आहे. परंतु त्यांची सर्वश्रेष्ठ रचना कोणती, असे विचाराल तर मी ‘मुंबईची लावणी’ असेच उत्तर देईन.

‘मैने’त विरहाची व्यथा आहे, लावणीत त्या विरहाचे कारण आहे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. हे वैभव कोणाच्या घामावर उभे आहे, असा सवाल त्यांनी केला आणि मलबार हिलचे धनिक व परळचे कष्टकरी शेजारी शेजारी उभे केले. अर्थशास्त्र ज्याला संपत्तीची विषम वाटणी म्हणते, ती इतक्या थोडक्यात मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही.

हा सवाल खानदेशाला परका नाही. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या गिरण्यांत गेला. पिकवणारा कर्जात राहिला आणि विणणारा चाळीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या. आज जळगाव-धुळ्याचे तरुण पोटासाठी सुरतेची वाट धरतात. शहर बदलले, सवाल तोच आहे.

म्हणून १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीदिनी, गावोगावच्या शाखांनी ‘मैने’बरोबर ही लावणीही गावी आणि गाऊन झाल्यावर तिच्यावर चर्चा करावी, एवढीच माझी विनंती आहे.