पालटत्या काळात प्रसन्नतेची निवड
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. प्राथमिक शाळेत एकोणचाळीस वर्षे मुलांसमोर बोललो खरे. पण मुले निदान घंटा होईपर्यंत उठून जात नाहीत, ज्ञातिबांधवांचा तसा भरवसा नसतो! शिवाय आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि त्यापुढे अध्यापनाची पदविका, इतकेच. पालटत्या काळात मनुष्याने प्रसन्न कसे राहावे, असा भारदस्त विषय चिटणीसांनी नेमून दिला. त्यावर तत्त्वचर्चा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु विषय ऐकताच आमच्या घरातील एक जुनी बागेसरी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्याविषयी सांगावयास पदवी लागत नाही, म्हणून उभे राहिलो आहोत.

बागेसरी हा शब्द येथील तरुण मंडळींस ठाऊक असेलच असे नाही. सोनाराची कोळशाची शेगडी ती बागेसरी. तिच्यापुढे बसून तोंडात फुंकणी धरून आमचे तीर्थरूप व थोरले काका सोने तापवीत, डाख लावीत. शेजारी ऐरण, जंतर, चिमटे, सवागीची डबी, आणि तराजूजवळ लाल गुंजांची वाटी. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच पाठ केले होते. दुकान म्हणजे ओटीचाच एक कोपरा. कोकणातील लहानशा बाजारपेठेतील ते घर. श्रीमंती नव्हती, पण लग्नसराईत उसंत मिळत नसे. काकांचा हात विशेष नाजूक. नथ गुंफावी ती त्यांनीच, असे पंचक्रोशीत म्हणत. तीर्थरूपांचा हात त्या मानाने जड. पाटल्या, गोठ, अंगठ्या ही त्यांची कामे.

१९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. त्या वेळी आम्ही सहा वर्षांचे होतो. आदल्या वर्षीच चीनशी युद्ध झाले होते, देशाजवळ परकीय चलनाचा तुटवडा होता, सोन्याची चोरटी आयात थांबवावयाची होती. अशी कारणे त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. परंतु चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवावयाचा नाही, या एका वाक्याने घरोघरच्या बागेसऱ्या विझल्या. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत दहा भाग हीण. हातोडीखाली तो धातू चटकन कडक होतो, पुन्हापुन्हा तापवून नरम करावा लागतो, तार ओढताना तुटतो आणि रंगही उतरतो. तरीही कारागिराने तो वश केला असता. पण लेकीच्या गळ्यात चौदा कॅरटचे मंगळसूत्र घालावयास कोणता बाप तयार होणार? गिऱ्हाईक येईनासे झाले. देशातील अनेक ठिकाणांहून सुवर्णकारांच्या आत्महत्यांच्या वार्ता येऊ लागल्या. घरात त्या वार्ता आम्हां मुलांपासून लपवून वाचल्या जात, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सुख मानण्यावर असते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ज्यांनी त्या वर्षी जीव दिला त्यांना हे वचन ऐकविण्याचे धाडस आम्हांस होत नाही. चूल पेटण्यापुरते घरात काही असेल, शेजारी दोन शब्द बोलणारे कोणी असेल, तर मनुष्यास निवड करता येते. आमच्या घरी ते होते, हे आमचे भाग्य. त्यात आमचा पराक्रम नाही.

तीन महिने बागेसरी थंड होती. तीर्थरूप सकाळी स्नान करून सवयीने तिच्यापुढे बसत आणि दुपारी उठत. एके दिवशी ते बाजारात गेले असता आईने ती उचलून मागील पडवीत नेली, निखारे घातले आणि तिच्यावर वांगे भाजावयास ठेवले. तीर्थरूप परतले ते वासाच्या मागे पडवीत. ज्या शेगडीची दसऱ्याला पूजा होई तिच्यावर वांगे! ते संतापाने थरथरू लागले. आई एवढेच म्हणाली, "शेगडी आहे, निखारे मागते. तुम्ही सोने द्या, वांगे काढते." क्षणभर कोणीच बोलले नाही. मग तीर्थरूपांस जे हसू फुटले, ते आवरेना. त्या रात्री घरात भरीत-भाकरी झाली आणि तीन महिन्यांनी त्यांनी पानात दुसऱ्यांदा वाढून घेतले. आम्हांस आमच्या बालपणीची कितीतरी पंचपक्वान्ने आठवत नाहीत. ते भरीत आठवते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिळेल ते काम घेतले. निर्बंध सोन्यावर होता, रुप्यावर नव्हता. जोडवी, पैंजण, देवांचे टाक ते घडवू लागले. तेवढ्याने भागेना, तेव्हा गळकी भांडी आणि स्टोव्ह दुरुस्त करू लागले. सोनाराने चार आण्यांसाठी रॉकेलचे स्टोव्ह झाळावेत, हे ज्ञातीतील काही मंडळींस रुचले नाही. एका लग्नाच्या पंगतीत कोणी मुद्दाम, "स्टोव्हवाले आले, पाट मांडा," असे म्हटल्याचे आम्ही स्वतः ऐकले. तीर्थरूप पाटावर बसले, पोटभर जेवले आणि निघताना यजमानीणबाईंस म्हणाले, "वहिनी, आपला स्टोव्ह भडकतो आहे. उद्या पाठवून द्या."

काकांनी मात्र फुंकणी खाली ठेवली ती ठेवलीच. रुप्याला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटे. ते रोज ओटीवर बसून वृत्तपत्र वाचीत; निर्बंध उठल्याची बातमी तेवढी शोधीत आणि पत्र घडी करून ठेवीत. १९६६ साली चौदा कॅरटची अट खरोखरच उठली. पेढे आणले गेले. काकांनी जंतर पुसून घेतले, मोती मागविले आणि नथ गुंफावयास बसले. साडेतीन वर्षांत हात विसरला होता की दृष्टी मंदावली होती, देव जाणे. दुपारपर्यंत तीन वेळा तार तुटली. त्यांनी सर्व सामान डब्यात भरले, आणि तो डबा त्यांच्या हयातीत पुन्हा उघडला गेला नाही. दोघा भावांत अधिक गुणी कारागीर तेच होते. त्यांचा हट्टही आम्ही वाईट म्हणणार नाही; आपल्या कलेवरील निष्ठाच ती. पण ती निष्ठा गेलेल्या दिवसावर होती.

आपल्या ज्ञातीत संत नरहरी सोनारांची कथा कोणास सांगावी लागत नाही. डोळे बांधून मूर्ती चाचपल्याचा प्रसंग कीर्तनकार रंगवून सांगतात. आम्हांस त्याच्या अलीकडचा भाग अधिक आवडतो. दिलेल्या मापाने केलेला करगोटा एकदा लांब झाला, एकदा आखूड झाला, अशी कथा आहे. एवढा निष्णात कारागीर, पण घरी बसून परक्याने आणलेल्या मापावर काम करीत होता. देवळात जाऊन स्वतः हात लावीपर्यंत माप जुळले नाही. काकांचे वृत्तपत्र आठवले की आम्हांस हा करगोटा आठवतो.

पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. परवाने, दाखले आणि नोंदवह्या आल्या. तीर्थरूप चौथीपर्यंत शिकलेले, लिहिण्याचा कंटाळा. तेव्हा अकराव्या वर्षी ती नोंदवही आमच्याकडे आली. तारीख, वजन, गिऱ्हाइकाचे नाव, सर्व वळणदार अक्षरात. त्या अक्षराचे कौतुक झाले, त्यातून लेखनाची गोडी लागली, आणि आम्ही ऐरणीऐवजी फळ्यापुढे उभे राहिलो. तो कायदा १९९० साली रद्द झाला तेव्हा तीर्थरूप हयात होते. बातमी ऐकून म्हणाले, "बरे झाले. पण तुझी नोकरी त्यानेच लावली, हे विसरू नको."

इतके सर्व पाहूनही आमची कसोटी लागली तेव्हा आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. २०१५ साली निवृत्त झालो. प्रारंभी हार, श्रीफळे, भाषणे. मग ओटीवरची खुर्ची आली. शाळेचा पट घसरत चालला होता, मुले इंग्रजी माध्यमाकडे जात होती, आणि आम्ही येईल त्याच्याजवळ त्याच एका विषयाचे गाऱ्हाणे करीत होतो. अशी दोन-तीन वर्षे गेली. एका सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता म्हटले, "तुम्ही अलीकडे अगदी काकांसारखे दिसू लागलात." आम्ही हातातील वृत्तपत्र खाली ठेवले. चहा मात्र निवून गेला.

त्यानंतर लगेच काही दिव्य घडले असे नाही. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्यास, टाळेबंदी सुरू झाली. ज्या मुहूर्तावर आपली पेढी सर्वाधिक गजबजते, त्या दिवशी पुतण्याच्या दुकानाचे दार बंद. त्याच्या कारखान्यातील बंगाली कारागीर येथेच अडकले. त्यांपैकी एकजण बायकोमुलांसह मागच्या खोलीत राहत होता. शाळा बंद, मुले दिवसभर अंगणात. आम्ही त्या दोघांस पडवीत बोलावून पाटीवर 'क' काढून दिला. बंगालीतील 'क' आणि आपला 'क' यांत थोडे साम्य आहे, हे थोरलीनेच आम्हांस दाखविले. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती!

बंगाली कारागिरांनी आपल्या हातचे काम नेले, अशी कुजबूज या सभागृहातही होते. आम्हीही पूर्वी केली आहे. आता त्या मुलांच्या बापास काम करताना पाहतो, तेव्हा तीच फुंकणी, तोच निखारा, तेच गालांचे फुगणे दिसते. गाव सोडून इतक्या दूर आलेल्या त्या मनुष्याने आयुष्यावर जेवढा भरवसा टाकला आहे, तेवढा आमच्याकडून टाकला गेला असता किंवा कसे, याची शंका येते.

२०२१ च्या जूनमध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा पुतण्या भयभीत होऊन आला. "काका, आता आपल्यासारख्या लहान सोनाराचे कसे व्हायचे?" आम्ही त्यास १९६८ ची ती नोंदवही काढून दाखविली. त्याने चार पाने चाळली आणि म्हणाला, "म्हणजे हे सर्व एकदा झालेलेच आहे." आज तो प्रत्येक डागाचा सहा अक्षरांचा क्रमांक गिऱ्हाइकास भिंगातून दाखवितो. सोने २०२५ साली दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेले. पुष्कळ गिऱ्हाइके वजन कमी करून घेतात. त्याची चिंता त्यास आहेच. ती आम्ही कशी नाहीशी करणार?

बागेसरी आमच्या मागील पडवीत अजून आहे. थंडीत तिच्यावर वांगे भाजले जाते. समोरच संध्याकाळी वर्ग भरतो. दोन मुलांचा वर्ग आता अकरांचा झाला आहे. बहुतेक कारागिरांची, दोन आपल्या ज्ञातीतील. पावसाळ्यात पडवीत पाणी येते, पाट्या भिजतात. मंडळाच्या या वास्तूतील मागची लहान खोली सायंकाळी सहा ते आठ रिकामी असते, हे आम्ही दोन महिने पाहून ठेवले आहे. ती खोली केवळ ज्ञातीच्या कार्यासाठी आहे, असा नियम असल्याचे चिटणीस सांगतात. नियम आम्हांस मान्य आहे. तो पालटावा की नाही, हा ठराव पुढील सभेत मांडण्याची अनुज्ञा मागतो आणि आपली रजा घेतो.