मोटारीची कांच आणि कोरडी हवा



आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें एका साध्या गोष्टीविषयीं, मोटारीच्या समोरच्या कांचेवर आंतून धरणाऱ्या बाष्पाविषयीं. गोष्ट साधी खरी. पण घाटाच्या वळणावर क्षणभर जरी रस्ता दिसेनासा झाला, तरी जिवावर बेतण्यास तेवढें पुरें होतें.

एका वर्षीं आषाढांत आम्ही चौघेजण कोल्हापुराहून सावंतवाडीस निघालों होतों. आंबोलीचा घाट उतरूं लागलों तेव्हां रात्र पडली होती आणि पाऊस मुसळधार कोसळत होता. गाडींतील वातानुकूलन चालू होतें. मागें बसलेल्या आत्याबाईंना गारठा बाधूं लागला. “अरे, तें थंड वारें बंद कर बाबा,” असें त्या म्हणाल्या. मला तें पटलें. मीं थंड करणारें यंत्र बंद केलें. पंखा मात्र तसाच चालू ठेवला. मिनिटभर झालें नसेल तोंच समोरची कांच दुधासारखी पांढरी झाली. हातरुमालानें पुसावी, तों पुसलेल्या जागीं पुन्हां बाष्प धरावें! अखेर गाडी कडेला उभी करावी लागली. त्या रात्रीं माझें काय चुकलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

हवेंत पाण्याची वाफ नेहमींच असते. पण ती किती सामावेल हें हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतें. ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम वाफ धारण करूं शकते. २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅम, आणि १० अंशांवर ९ ग्रॅमांहून थोडी अधिक. हवा निवाली कीं जास्तीची वाफ पाणी होऊन सुटते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात ते याच कारणानें. बंद गाडींत माणसांचे श्वास आणि भिजलेले कपडे यांनीं हवा दमट होते. पावसानें कांच निवालेली असते. आणि त्या कांचेला टेकतांच हवेंतील वाफ तिच्यावर उतरते.

यावर उपाय दोन. कांचेला ऊब द्यावी, किंवा हवा कोरडी करावी. दोन्ही एकदम केले तर कांच सर्वांत लवकर स्वच्छ होते.

हवा कोरडी करण्याचें काम वातानुकूलनाचें, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पण या विद्येचा उगमच तेथें आहे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानें १९०२ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं आपली योजना आंखली, ती माणसांना गारवा देण्यासाठीं नव्हे. दमट हवेनें कागद फुगे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागचे हलत. त्याला आवरावयाचा होता तो हवेंतील ओलावा. पुढें १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें मोटारींत वातानुकूलन आणलें. तें यंत्र मागच्या सामानाच्या कप्प्यांत असे. १९५४ सालीं नॅश कंपनीनें तापविणें आणि थंड करणें हीं दोन्ही कामें एका संचांत आणून तो गाडीच्या पुढच्या भागीं बसविला.

आजच्या बहुतेक गाड्यांत हीच रचना असते. पंख्यानें ओढलेली हवा प्रथम थंड नळ्यांच्या जाळींतून जाते. त्या नळ्यांत एक द्रव वायुरूप होत असतो आणि तसें होतांना उष्णता शोषून घेतो. जाळी शून्य अंशाच्या किंचित् वर राखतात, नाहींतर तिच्यावर बर्फ जमून हवेची वाट बंद होईल. येथें हवेंतील वाफेचें पाणी होतें आणि तें नळीनें गाडीखालीं ठिबकतें. उभ्या गाडीखालीं दिसणारें हें स्वच्छ पाणी बिघाडाची खूण नव्हे. नंतर हीच हवा गरम जाळीवरून जाते. ही जाळी एंजिनाच्या ऊन पाण्यानें तापते. विजेच्या गाडींत हवा तापविण्यासाठीं वेगळी सोय असते. ५ अंशांपर्यंत निवालेल्या हवेंत घनमीटरला सुमारें ७ ग्रॅमच वाफ उरते. तीच २५ अंशांपर्यंत तापविली कीं तिला सुमारें २३ ग्रॅम वाफ सामावतां येते. अशी तहानलेली हवा कांचेवर सोडली म्हणजे ती तेथील पाणी भराभर शोषून घेते.

आतां माझी चूक ध्यानांत येईल. थंड जाळी पाण्यानें निथळत होती. मीं यंत्र बंद करतांच ती कोमट होऊं लागली आणि चालू असलेल्या पंख्यानें तिच्यावरचें पाणी पुन्हां वाफ करून गार कांचेकडे नेलें.

आणखी दोन गोष्टी सांगतों. गाडींतीलच हवा पुन्हां पुन्हां फिरविणारी कळ अशा वेळीं बंद ठेवावी. नाहींतर आपलेच श्वास कांचेवर परत येतात. दुसरें, बाष्प आंतून आहे कीं बाहेरून, हें बोट लावून पाहावें. थंड झोत सतत कांचेवर सोडला तर पावसाळ्यांतील दमट हवा तिच्या बाहेरच्या अंगावर थिजते. तेव्हां वायपर फिरवावा आणि झोत ऊबदार करावा. हिमप्रदेशांत बाहेरची हवा गोठणबिंदूच्या आसपास असली म्हणजे बहुतेक गाड्यांतील थंड करणारें यंत्र चालतच नाहीं. पण तेवढ्या गार हवेंत वाफ मुळांतच थोडी असते. ती तापवून कांचेवर सोडली कीं काम भागतें.

त्या रात्रीं आमची उभी गाडी पाहून एक टॅक्सीवाला थांबला. पांढरी कांच पाहून तो एवढेंच म्हणाला, “साहेब, ए.सी. लावा, पण गरम करून लावा.” मला तें बोलणें विसंगत वाटलें. तरी यंत्र चालू केलें आणि उष्णतेची कळ गरमाकडे फिरविली. थोड्याच वेळांत कांचेच्या तळाकडून रस्ता उमटूं लागला, आणि मागें आत्याबाईंनीं अंगावरची शाल सैल केली.