खेळाडूंचा प्रवेश आणि महाविद्यालयाची जबाबदारी

(परळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आपल्या विभागातील कार्यकर्त्यांकडे दोन तक्रारी येतात. पहिली अशी : 'आमच्या मुलाला चांगले गुण असूनही हवे ते महाविद्यालय मिळाले नाही आणि त्याच्याहून कमी गुणांचा मुलगा केवळ कबड्डी खेळतो म्हणून आत गेला.' दुसरी तक्रार त्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या घरून येते. पण ती दोन वर्षांनी येते आणि दबक्या आवाजात येते. मुलगा महाविद्यालयाकडून खेळला, कपाटात करंडक आला आणि मुलाच्या पदरी मात्र सहा विषयांच्या केटी पडल्या. पहिल्या तक्रारीची चर्चा वृत्तपत्रांतून होते. दुसरीची कोठेच होत नाही. आज मला दुसरीविषयी बोलावयाचे आहे, कारण माझ्या मते खरा अन्याय तेथे आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. लालबाग, परळ, डिलाईल रोड, प्रभादेवी, नायगाव या भागांत चाळीच्या मधल्या मैदानात मुले कबड्डी खेळत वाढली. मंडळांच्या स्पर्धा पाहावयास महाविद्यालयांच्या जिमखान्याचे सर येतात. चांगला चढाईपटू, भक्कम पकड करणारा कोपरारक्षक दिसला की त्याची चौकशी होते. त्याला खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळतो. पुढे आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि त्या स्पर्धेचे प्रमाणपत्र. क्रिकेटच्या बाबतीत हा क्रम आणखी जुना आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक 1935 पासून खेळला जातो. प्रमाणपत्राचे मोल नोकरीत आहे. राज्य शासनाने 2005 साली शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे मैदानापासून नोकरीपर्यंतच्या वाटेवर महाविद्यालय हा पूल आहे, आणि कामगाराच्या मुलाला हा पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.

मग कमी गुणांवर प्रवेश देणे न्याय्य आहे काय? मी म्हणतो, आहे. दहावी-बारावीच्या गुणांत मुलाची बुद्धी जशी असते, तशी क्लासची फी, घरातील अभ्यासाची जागा आणि आईबापांचे शिक्षणही असते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलेल्या मुलाने रोज चार तास सराव करून मिळविलेली चपळाई हीदेखील गुणवत्ताच आहे. शिवाय महाविद्यालय हा प्रवेश उपकार म्हणून देत नाही. त्याला करंडक हवा असतो, विद्यापीठात नाव हवे असते, माहितीपुस्तिकेत छापावयास छायाचित्र हवे असते. हा सरळ देवघेवीचा व्यवहार आहे. मुलगा आपली बाजू मैदानात रोज पुरी करतो. महाविद्यालयाची बाजू कोणती आणि ती पुरी होते की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

खेळासाठी माणूस घ्यावयाचा, पण त्याला बरोबरीचे स्थान द्यावयाचे नाही, ही रीत आपल्याकडे नवी नाही. बाळू पालवणकर हे आपल्या देशातील पहिल्या थोर फिरकी गोलंदाजांपैकी एक. चर्मकार समाजात जन्मलेला हा खेळाडू पुण्यात हिंदूंच्या संघात घेतला गेला, कारण त्याच्यावाचून युरोपीयनांना हरविणे शक्य नव्हते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येत असे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते मिळावयास त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल आणि 1923 साल यावे लागले. आज मातीचे भांडे दिसत नाही. पण ज्याला मैदानावर बोलावतात आणि वर्गात ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्या मुलाला पॅव्हेलियनच्या बाहेरच ठेवलेले असते.

ह्या प्रश्नाचे सर्वांत मोठे रूप अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉल हा प्रचंड धंदा आहे, आणि त्यासाठी शाळाशाळांतून मुले हेरून आणली जातात. केविन रॉस हा तरुण ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात बास्केटबॉलसाठी घेतला गेला. चार वर्षे तो खेळला. 1982 मध्ये तो बाहेर पडला तेव्हा त्याच्याजवळ पदवी नव्हती आणि त्याचे वाचन सातवीच्या मुलाइतके होते. पुढे तो शिकागोतील एका शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसून शिकला. त्याने विद्यापीठावर दावा लावला. 1992 साली अपील न्यायालयाने सांगितले की, 'शिक्षण वाईट दिले' एवढ्या मोघम कारणावर दाद मागता येणार नाही; पण विद्यापीठाने एखादे निश्चित वचन दिले असेल आणि ते मोडले असेल, तर मागता येईल. मित्रहो, हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. मी पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

अशी प्रकरणे गाजू लागल्यावर तेथील क्रीडासंघटनेने उपाय काय केला? 1983 साली ठराव करून 1986 पासून खेळाडूंच्या पात्रतेला शालेय गुणांची आणि प्रवेश-परीक्षेची किमान अट घातली. 1989 मध्ये ती आणखी कडक करून शिष्यवृत्तीच बंद करण्याचा ठराव झाला, तेव्हा जॉर्जटाउनचे कृष्णवर्णीय प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्यापूर्वी मैदान सोडून निघून गेले. त्यांचे म्हणणे असे की, अट नापास करणार ती गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना. विद्यापीठांना ती काहीच विचारीत नाही. दुसऱ्याच वर्षी तो नियम सैल करावा लागला आणि 2023 मध्ये प्रवेश-परीक्षेची अटही गेली. 2025 पासून तर महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पैसे मिळाले हे योग्यच झाले. पण चाळीस वर्षांच्या ह्या सगळ्या खटाटोपाचा धडा असा की, दारावरची अट उंच केल्याने आतले शिक्षण सुधारत नाही.

आपल्याकडे तर शिक्षणाची गरज अधिकच आहे. एके काळी गिरणगावातील खेळाडूला पदवीवाचूनही आधार होता. मफतलाल आणि ऑर्के मिल्स यांचे फुटबॉल संघ होते, टाइम्स शील्डसाठी कंपन्या क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे ते जग कोसळले. त्यानंतर इतर उद्योगांनीही खेळाडूंवरचा हात आखडता घेतला. महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला फुटबॉल संघ 2010 साली विसर्जित झाला. 2014 मध्ये वरळीला प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि आता लिलावात एकेका खेळाडूवर कोटीची बोली लागते. परंतु त्या लिलावात किती जणांची नावे येतात? शारदाश्रमाच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी 1988 साली हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची भागीदारी केली, म्हणून मुंबईच्या प्रत्येक शाळकरी क्रिकेटपटूचे भवितव्य ठरत नाही. धोरण आखावयाचे ते ज्यांचे नाव लिलावात येणार नाही, ज्यांचा गुडघा विसाव्या वर्षी निकामी होणार आहे, त्यांच्यासाठी.

'पण ह्या मुलांना शिकावयाचेच नसते,' असे प्राध्यापक मंडळी सांगतात. ह्या म्हणण्यात तथ्य किती आणि सोय किती, हे तपासून पाहावे. सकाळी सराव, दुपारी सामना, महिनोन्महिने स्पर्धांचे दौरे, आणि वर 75 टक्के हजेरीचा नियम. हजेरी कागदावर भरून दिली जाते. बुडालेला धडा मात्र कोणी भरून देत नाही. परीक्षेत थोडे सवलतीचे गुण मिळतात. सवलतीचा गुण नापासाला पास करील, अडाण्याला शहाणा करणार नाही. चार वेळा समजले नाही म्हणून पाचव्यांदा वर्गात न जाणाऱ्या मुलाला आपण आळशी ठरवितो.

ह्यावर उपाय आपल्याच शहराने एकदा दाखविला आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गिरणगावातील रात्रशाळांनी पाळीवर जाणाऱ्या कामगारांना मॅट्रिक केले. तेथे अभ्यासक्रम सोपा केला नव्हता. वेळापत्रक वाकविले होते. खेळाडू विद्यार्थी हाही एका अर्थाने पाळीवर जाणारा कामगारच आहे. त्याचे काम मैदानावर आहे आणि त्या कामाचा लाभ संस्था घेते. तेव्हा संस्थेने त्याच्या वेळेप्रमाणे शिकविले पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात. एक, खेळाडूला प्रवेश देताना महाविद्यालयाने लेखी करार करावा आणि त्यात काय देणार हे निश्चित शब्दांत लिहावे. रॉसच्या खटल्याचा अर्थ तोच आहे. मोघम आश्वासनाला कोणी बांधील नसतो. दोन, दौऱ्यात बुडालेले धडे परतल्यावर शिकवावेत, आणि परीक्षा स्पर्धेच्या दिवशी आल्यास वेगळी घ्यावी. तीन, खेळताना दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च संस्थेने करावा आणि त्या कारणास्तव प्रवेश वा शुल्कसवलत काढून घेऊ नये. चार, खेळाडूंच्या जागेवर किती मुलेमुली घेतली आणि त्यांपैकी किती पदवीधर झाली, याचा आकडा प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावा. करंडकांची यादी लागते त्याच फलकावर हाही आकडा लागावा. पाच, निवडचाचणी उघड असावी. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि अन्य उपक्रम मिळून 5 टक्क्यांची मर्यादा आहे आणि चाचणीला व प्रमाणपत्रांना किती भार, हे आधी जाहीर होते. तसे आपल्याकडे प्रत्येक संस्थेत झाले पाहिजे.

पाचवी मागणी विशेष महत्त्वाची आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची खोटी प्रमाणपत्रे दाखवून शासकीय नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. अशा प्रत्येक खोट्या कागदामागे घाम गाळणाऱ्या एखाद्या मुलीची वा मुलाची जागा गेलेली असते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिक लागू आहे. पुष्कळ घरांत मुलीला पुढे शिकू देण्याचा निर्णय तिला शुल्कमाफी मिळते की नाही यावर अडतो. तिची जागा पैसेवाल्याने पळविली, तर तिचा खेळ आणि शिक्षण दोन्ही एकदमच संपतात.

साथींनो, यासाठी विधिमंडळाची वाट पाहावयाची गरज नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. आपापल्या विभागातील अनुदानित महाविद्यालयांकडून गेल्या पाच वर्षांतील खेळाडूंचे प्रवेश आणि त्यांचे निकाल मागवा. मैदानाशेजारी मंडळाची खोली असतेच. तेथे सराव संपल्यावर तासभर अभ्यास घेणारे दोन शिक्षक आपल्यातून उभे करा. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सांगा की, मुलगा महाविद्यालयाच्या हवाली करताना अटी आपण घालावयाच्या आहेत, कारण गरज त्यांनाही आहे. आणि पहिली तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना समजावून सांगा की, त्या कबड्डीपटूने त्यांच्या मुलाचे काही हिरावून घेतलेले नाही. जागा कमी आहेत हे दोघांचेही दुखणे आहे, आणि ते दोघांनी मिळून मांडले तरच ऐकले जाईल.