झाशीला जाताय? राणीमहालात थोडं थांबा

झाशीत लोक किल्ला बघतात, ‘कडक बिजली’ तोफेजवळ फोटो काढतात आणि ओरछ्याला निघतात. मीही निघालोच होतो, पण वाटेत राणीमहालात शिरलो.

वाटलं होतं, राणीसाहेबांच्या घरातल्या वस्तू असतील. भिंती-छतावर रंगवलेली नक्षी आहे. मांडलेल्या आहेत त्या मात्र नवव्या ते बाराव्या शतकातल्या दगडी मूर्ती. मूर्ती सुरेखच, पण घरातलं सगळं गेलं कुठे?

उत्तर पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली, तेव्हा भटजी आतच अडकले होते. कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. राजांचा ग्रंथसंग्रह कसा नासला, तेही लिहून ठेवलं. सोनं लुटलं हे कळतं हो, पण पोथ्या?

म्हणून सांगतो, ते पुस्तक पिशवीत टाकून जा. १८४२ साली राणीसाहेबांचं लग्न झालं ते गणेश मंदिर बघा. मग लक्ष्मी तलावाकाठी गंगाधररावांची छत्री. मी गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणीच नव्हतं. पायरीवर बसून लुटीचं प्रकरण पुन्हा वाचलं.