पोलादी संगीत आणि स्वभाषा

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. तेथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन यानें चौथ्या शतकांत ‘हरिविजय’ हें काव्य रचिलें, तें संस्कृतांत नव्हे, प्राकृतांत. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीमला उजेडांत आला. त्यांत वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि जिव्हाळ्याची दुसरी, हा पेंच असा फार जुना आहे. विसाव्या शतकांत तो स्पॅनिश भाषकांपुढें एका अनपेक्षित क्षेत्रांत, म्हणजे हार्ड रॉक व हेवी मेटल या संगीतांत, उभा राहिला.

विजेच्या गिटारीचा स्वर फाटेपर्यंत चढवावयाचा, ढोलांचा जड ठेका धरावयाचा आणि त्यावर तारस्वरांत गावयाचें, असें या संगीताचें रूप. त्याचा उगम इंग्लंड-अमेरिकेंत झाला. म्हणून त्याला इंग्रजीच शोभते, असा समज सहज होण्याजोगा होता.

अर्जेंटिनांतील गायकांनीं तो मानला नाहीं. ‘पाप्पोज ब्लूज’ या वृंदाचें नांव इंग्रजी वळणाचें. पण १९७१ सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील गाणीं स्पॅनिश. त्याच वर्षीं ‘व्हॉक्स देई’ या वृंदानें ‘ला बिब्लिया’ या ध्वनिमुद्रिकेंत बायबलांतील कथा स्वभाषेंत गाइल्या.

स्पेनमध्यें हुकूमशहा फ्रँको १९७५ सालीं मरण पावला आणि कोंडलेल्या तरुण पिढीस कंठ फुटला. ‘लेन्यो’ वृंदानें १९७९ सालीं आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत माद्रिद शहराचें ओंगळ रूप गाइलें. १९८१ सालीं ‘बारोन रोहो’ व ‘ओबूस’ या वृंदांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. ‘बारोन रोहो’नें १९८२ सालीं लंडन येथें ‘व्होलूमेन ब्रुताल’ मुद्रित केली, व तींच गाणीं इंग्रजींतहि गाऊन निराळी आवृत्ति काढली. परदेशचा श्रोता हवासा वाटावा यांत नवल नाहीं. पण मूळ वाणी त्यांनीं सोडली नाहीं. पुढील वर्षाची ‘मेटालमोर्फोसिस’ स्पॅनिशच होती.

अर्जेंटिनांत त्याच १९८२ सालीं फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशीं युद्ध जुंपलें. लष्करी राजवटींत नभोवाणीवरील इंग्रजी गाण्यांस बंदी झाली, आणि ज्यांना एरवीं फारसें स्थान नव्हतें त्या स्पॅनिश रॉक गीतांस तें लाभलें. १९८३ सालीं ‘व्ही-एट’ वृंदाची ‘लुचांदो पोर एल मेताल’ ही हेवी मेटलची ध्वनिमुद्रिका आली. राजाज्ञेनें दार उघडलें खरें. पण आंत शिरण्यास गाणीं आधींपासून तयार होतीं, हें विसरतां येत नाहीं.

मुंबईंत १९८४ सालीं ‘रॉक मशीन’ हा वृंद स्थापन झाला. १९८८ सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची भाषा इंग्रजी होती. वादनांत तो उणा नव्हता. निवड मात्र वेगळी होती. डफ-तुणतुण्याच्या साथीनें शाहीर ज्या भाषेंत उच्चरवानें पोवाडा गातो, ती मराठी या कठोर स्वरापुढें दुबळी ठरेल, असें मानण्यास आधार नाहीं. वाद्य परदेशांतून आणतां येतें. त्यावर गावयाचें दुःख आणि संताप मात्र घरचेच असावे लागतात.