न भुंकलेला कुत्रा

रहस्यकथेचा सारा जीव तिच्या शेवटच्या पानात असतो, असा एक समज रूढ आहे. गुन्हेगार कोण हे एकदा कळले की कथेतील रस संपला. मग रस काढून घेतलेल्या लिंबाप्रमाणे ती खुशाल बाजूस टाकावी! परंतु अनुभव मात्र निराळा आहे. शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथांची उत्तरे तोंडपाठ असलेले वाचक आगगाडीच्या प्रवासात, आजारपणात किंवा पावसाने लांबविलेल्या एखाद्या संध्याकाळी त्याच कथा पुन्हा उघडतात. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या कोड्यात त्यांना असे काय गवसत असावे?

या कथाप्रकाराचा जन्म १८४१ सालचा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची, पॅरिसमधील एका दुहेरी खुनाची कथा प्रसिद्ध झाली. तीत पोलिस एका निरपराध बँक कारकुनाला पकडतात आणि द्युपाँ नावाचा एकलकोंडा बुद्धिमान गृहस्थ केवळ तर्काच्या बळावर खरा प्रकार उलगडून त्याची सुटका घडवून आणतो. चतुर शोधक, त्याची कीर्ती गाणारा साधाभोळा मित्र आणि भलत्याच माणसावर गेलेला संशय, हा पुढील रहस्यकथांचा संसार पोने पहिल्याच कथेत मांडून ठेवला.

हा संसार घरोघरी नेण्याचे श्रेय सर आर्थर कॉनन डॉयल यांचे. लंडनचे ‘स्ट्रँड’ मासिक १८९१ च्या जानेवारीत सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जुलै अंकापासून त्यात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या. नायक तोच, पण प्रत्येक कथा स्वयंपूर्ण. त्यामुळे एखादा अंक चुकला तरी वाचकाचे काही अडत नसे. लघुकथेच्या आटोपशीर रूपाचा आणखी एक लाभ झाला. कादंबरीत संशयितांची गर्दी करून वाचकाला चकविता येते. लघुकथेला तेवढा अवकाश नसतो. तिथे एखाद-दुसरी खूण पुरते, आणि ती खूण वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवावी लागते.

डिसेंबर १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डार्टमूरच्या माळरानावरील एका तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा रात्रीतून नाहीसा होतो. त्याला शिकविणाऱ्याचा मृतदेह सकाळी माळावर सापडतो. आदल्या संध्याकाळी तबेल्याभोवती घुटमळणारा एक परका मनुष्य पोलिसांच्या तावडीत सापडतो. मृताच्या मुठीत तर त्याचाच गळपट्टा मिळतो. आणखी काय हवे? पण होम्सचे लक्ष दोन साध्या गोष्टींकडे जाते. पहारेकरी मुलाच्या जेवणात अफू मिसळली होती आणि नेमका त्याच रात्री, अफूची चव लपेल असा मसालेदार पदार्थ घरात शिजला होता. घरचा स्वयंपाक कोणता व्हावा हे परक्या मनुष्याने कसे ठरविले असेल? दुसरी गोष्ट कुत्र्याची. रात्री कोणीतरी तबेल्यात शिरून घोडा बाहेर नेला, तरी तिथला कुत्रा माळ्यावर निजलेल्या मुलांना जाग येईल इतका भुंकला नाही. म्हणजे येणारा कुत्र्याच्या ओळखीचा होता.

इथे सूक्ष्मदर्शक यंत्र नाही की रसायनशाळा नाही. स्वयंपाकघरातील पदार्थ आणि गप्प राहिलेला कुत्रा इन्स्पेक्टरलाही ठाऊक होते, वाचकालाही ठाऊक होते. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशक लेखकाने रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांत शोधकाला सापडलेली खूण तत्काळ वाचकासमोर मांडली पाहिजे, असाही एक नियम आहे. डॉयल यांच्या सर्वच कथा या कसोटीला उतरत नाहीत; परंतु जिथे उतरतात तिथे वाचक पराभूत होऊनही प्रसन्न असतो, कारण त्याला कोणी फसविलेले नसते.

या विचारपद्धतीची परीक्षा डॉयल यांना प्रत्यक्ष जीवनातही द्यावी लागली. मूळचे मुंबईचे पारशी असलेले शापूरजी एदलजी ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडमधील ग्रेट वायर्ली या गावी धर्मोपदेशक झाले होते. त्या परिसरात १९०३ मध्ये कोणी अज्ञात इसम रात्री जनावरांना क्रूरपणे जखमी करू लागला, आणि एका तट्टाच्या प्रकरणी त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी त्याला सोडले, पण माथ्यावरचा कलंक तसाच राहिला. पुढे डॉयल त्याला भेटावयास गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचीत बसला होता. नेत्रविकारांचा अभ्यास केलेल्या डॉयल यांना ती एक खूण पुरेशी वाटली. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य काळोखात रेल्वेचे रूळ आणि शेते ओलांडून असे कृत्य कसे करील? जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी ‘डेली टेलिग्राफ’मधून हे प्रकरण लोकांपुढे मांडले. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला त्या गुन्ह्यातून मुक्त केले. नुकसानभरपाई मात्र नाकारली. अशा प्रकरणांनी खवळलेल्या लोकमताच्या रेट्याने इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापण्याचा कायदाही १९०७ मध्येच झाला.

कायद्याने जॉर्ज एदलजीला न्याय दिला तो अर्धाच. रहस्यकथा तो पुरा देते. उत्तर पाठ असूनही वाचक तिच्याकडे परततो, याचे मर्म इथे असावे. सगळे गाव एका माणसाकडे बोट दाखवीत असताना कोणी एक जण शांतपणे विचारतो की, कुत्रा का भुंकला नाही. आणि त्या एका प्रश्नाने निरपराध्याची बेडी गळून पडते. हे दृश्य पुनःपुन्हा पाहावेसे वाटते. बंगालीत व्योमकेश बक्षी हा शोधक निर्माण करणारे शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. त्यांच्या नायकाला ‘डिटेक्टिव्ह’ हे बिरुद रुचत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. होम्सलाही हे नाव शोभले असते.