सभागृहातील शिस्त कोणासाठी?

(वाडी, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरविण्याची प्रथा पडली. अधिवेशन सुरू झाले की वृत्तपत्रांतून घोषणाबाजी, सभात्याग आणि तहकुबी यांचीच वर्णने येतात, आणि सामान्य वाचक असा निष्कर्ष काढतो की, आमदार बेशिस्त आहेत व अध्यक्षांनी अधिक कठोर व्हावयास हवे. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. सभागृहातील शिस्त नेमकी कोणाच्या रक्षणासाठी असते, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

बहुमताला सभागृहात संरक्षणाची गरज नसते. मते त्याची, मंत्री त्याचे, शासनयंत्रणाही त्याच्याच हाताशी. गरज असते ती अल्पमताला; ज्याच्याजवळ मतांचे बळ नाही, त्याला निदान बोलण्याची हमी हवी. पीठासीन अधिकाऱ्याची घंटा ही प्रथमतः या हमीची खूण आहे. घटनेने अध्यक्षाला प्रथम मतदानाचा अधिकार दिलेला नाही. समसमान मते पडली तरच त्याने मत द्यावयाचे आहे. त्याला पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेस आला तर त्या वेळी त्याने आसनावर बसावयाचे नाही. १९५४ साली पहिले लोकसभाध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध असा ठराव आला, त्यावर चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. आसन टीकेच्या पलीकडचे नाही, हे त्यातून प्रस्थापित झाले.

अल्पमताला बोलू दिल्याने देशाचे काय साधते, याचे उदाहरण १९६३ सालचे आहे. डॉ. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून येऊन नुकतेच लोकसभेत गेले होते. सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी ठासून सांगितले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा दिला, तर नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. आकडा कोणाचा बरोबर, हा अर्थशास्त्राचा वाद बाजूला ठेवू. सरासरी उत्पन्नामागे दरिद्री माणूस कसा लपतो, हे त्या वादाने प्रथमच देशाच्या ध्यानात आणून दिले. त्या वेळी अध्यक्ष होते सरदार हुकुमसिंग. मूठभर सदस्यांच्या विरोधी गटाला त्यांनी वेळ नाकारला असता, तर सभागृह शांत राहिले असते. पण ती शांतता खोटी ठरली असती.

याचा अर्थ अध्यक्षाने दंड करूच नये असा नाही. नियमांनी त्याला चढत्या क्रमाने अधिकार दिले आहेत: समज द्यावी, बाहेर जाण्यास सांगावे, त्या दिवसापुरते दूर ठेवावे, आणि अखेर उरलेल्या अधिवेशनापुरते निलंबन. या पायऱ्यांमागे एकच तत्त्व आहे. कामकाज पुढे चालावे एवढ्यापुरताच दंड. सूड उगवण्यासाठी दंड नव्हे.

महाराष्ट्रात हे तत्त्व कसोटीला लागले ते ५ जुलै २०२१ रोजी. ओबीसी आरक्षणासंबंधीच्या ठरावावरून विधानसभेत गदारोळ झाला. त्या वेळी आसनावर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव होते. त्यांच्याशी गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून सभागृहाने भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचे हे निलंबन घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाचा युक्तिवाद कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे. आमदाराची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा भरलेली दिसते आणि मतदारसंघ मुका राहतो. म्हणजे शिक्षा आमदाराला नव्हे, मतदारांना झाली.

ते बारा आमदार आपले राजकीय विरोधक होते, म्हणून हा निर्णय आपल्याला खटकण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चित्र उलटे झाले. संसदेच्या सुरक्षाभंगाबाबत गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, अशी मागणी करणाऱ्यांसह विरोधी पक्षांचे १४६ खासदार दोन्ही सभागृहांतून निलंबित झाले, आणि त्यांच्यातील बहुतेक बाहेर असतानाच फौजदारी कायद्यांची तीन विधेयके संमत झाली. बहुतेकांच्या बाबतीत नियमाची मर्यादा पाळली गेली. हेतू मात्र हरपला. दंडाचे मोजमाप कोणाला झाला यावरून करावयाचे नसते. त्यानंतर कोणाचे बोलणे बंद पडले, यावरून करावयाचे असते.

आता दुसरी बाजू. राजदंड पळविणे, आसनासमोरील मोकळ्या जागेत ठाण मांडणे, हे प्रकार डाव्या-उजव्या सर्वच विरोधकांनी केले आहेत आणि त्याचा अभिमानही बाळगला आहे. परंतु मधु लिमये यांनी लोकसभेत जी जरब बसविली ती नियमांच्या अभ्यासाने. हरकतीचा मुद्दा केव्हा काढावा आणि हक्कभंगाची सूचना कशी मांडावी, हे ज्याला कळते त्याला आवाज चढवावा लागत नाही. आणि नियम शिकविणाऱ्या याच माणसाने, आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढविली गेली तेव्हा, जनादेश संपला म्हणून राजीनामा दिला.

गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो तेव्हा मंत्र्याचे काही बिघडत नाही. उलट तो सुटतो. नुकसान होते ते वाडीच्या गोदामांत माल चढविणाऱ्या हमालाचे. १९६९ चा माथाडी कायदा त्याच्यासाठी झाला; त्याची अंमलबजावणी कोठे अडली, हे तारांकित प्रश्नाने विचारता येते, लक्षवेधी सूचनेने मंत्र्याला उभे करता येते. दिवसभराची तहकुबी म्हणजे त्या हमालाचा बुडालेला रोज आहे.

आणि सभागृहाची दारे जेव्हा बंद वाटू लागतात, तेव्हा माणसे रस्त्यावर येतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात अडविला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मरण पावले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. त्या मृत्यूंचा दोष एकट्या पीठासीन अधिकाऱ्याच्या माथी मारणे अन्याय होईल. पण आत ऐकून घेण्याची व्यवस्था जितकी दुबळी, तितका बाहेर पोलिसांच्या काठीवर भार अधिक, हा धडा नागपूरकरांनी विसरू नये.

पक्षनिरपेक्ष अध्यक्ष हवा असेल तर मार्ग अज्ञात नाही. १९६७ साली नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभाध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानेही अध्यक्षाला, अपात्र न ठरता, पक्ष सोडण्याची मुभा ठेवली आहे. मुभा आहे, वापरणारे विरळा. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे, आणि आपला पक्ष सत्तेत असेल त्या दिवशी अधिक जोराने. तोवर कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात: विधानसभेचे नियम वाचावेत, आणि आपल्या नगर परिषदेच्या सभेत, युनियनच्या बैठकीत, पक्षाच्या शाखेत अध्यक्षस्थानी बसण्याची वेळ आली तर ज्याच्या बाजूला सर्वांत कमी हात आहेत, त्याला आधी बोलू द्यावे.